थ्रेड : थाळनेर आडबाजूला कधी गेले? ‘दुर्गम’ या शब्दाविरुद्ध खानदेशाची कैफियत

१/
पामीरच्या डोंगररांगांत वसलेले खोरोग हे शहर इतिहासवेड्या तरुणांच्या प्रवासयाद्यांत हल्ली वारंवार दिसते. ताजिकिस्तानमधील गोर्नो-बदख्शान या स्वायत्त प्रांताचे ते मुख्य ठिकाण आहे. गुंत आणि पंज या नद्यांचा संगम, दोन हजार मीटरांहून अधिक उंची आणि नदीपलीकडे थेट अफगाणिस्तान. तेथे जाऊन आलेला प्रवासी घाट किती कठीण होता, गाडी किती तास रखडली, रात्री थंडी किती होती, हे तपशिलाने सांगतो आणि अखेरीस त्या शहराला एक विशेषण बहाल करतो : दुर्गम.

२/
असेच विशेषण तापीकाठच्या थाळनेरलाही चिकटलेले आहे. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यातील हे गाव एके काळी एका राज्याची पहिली राजधानी होते. परंतु खोरोगला जे विशेषण मोहक ठरते, तेच थाळनेरला मारक ठरते. खोरोग दुर्गम, म्हणून तेथे जायचे. थाळनेर आडबाजूला, म्हणून तेथे जायचे नाही, त्याविषयी लिहायचे नाही आणि शाळेत ते शिकवायचेही नाही.

३/
या थ्रेडचे म्हणणे स्पष्ट आहे. ‘दुर्गम’ हा शब्द भूगोलाचे निःपक्षपाती वर्णन असल्याच्या थाटात वापरला जातो. प्रत्यक्षात रस्ता कोणी कोठून नेला, सीमा कोणी कोठे आखली आणि वर्णन कोणाच्या लेखणीतून उतरले, यांवर तो शब्द कोणाला लागेल हे ठरते. खानदेश हे त्याचे ठळक उदाहरण आहे. आणि त्याचा पुरावा खानदेशाला तुच्छ लेखणाऱ्या प्रवाशांच्याच नोंदींत सापडतो.

४/
प्रथम थाळनेरची ओळख. इ.स. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने मलिक राजा या सरदाराला थाळनेर आणि करवंद हा मुलूख दिला. १३८२ मध्ये मलिक राजाने स्वतंत्र कारभार आरंभला आणि फारुकी घराण्याची स्थापना झाली. १३९९ मध्ये तो वारला. त्याचे दफन थाळनेरलाच झाले. त्याचा पुत्र नसीरखान याने असीरगड घेतला आणि खुलदाबादचे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने तापीकाठीच बऱ्हाणपूर वसवले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत हे घराणे टिकले. दोन शतकांहून अधिक काळ टिकलेल्या राज्याचा पाया ज्या गावात घातला गेला, ते गाव महाराष्ट्रातील किती विद्यार्थ्यांना नकाशावर दाखवता येईल?

५/
मलिक राजाने थाळनेर का निवडले असेल, याचे उत्तर नकाशाच देतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची व सातमाळ्याची रांग, आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी. सुरत बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, यावल, रावेर असा बऱ्हाणपुरास जाई. तेथून असीरगडाच्या पायथ्याने वाट उत्तरेकडे आग्ऱ्याला जाई. असीरगडाला ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणत. ज्या प्रदेशातून उत्तर आणि दक्षिण एकमेकींना भेटत होत्या आणि ज्यातून समुद्राचा माल राजधानीकडे जात होता, त्याला कोपरा म्हणणे ही नकाशाशीच केलेली बेइमानी आहे.

६/
बदख्शान आणि खानदेश यांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रांत जो गडद निळा रंग आहे, तो लाजवर्दाचा. हा दगड बदख्शानच्या डोंगरांतील खाणींतून येत असे. जळगावहून ज्या लेण्यांकडे आजही लोक जातात, त्या लेण्यांच्या भिंतींवर पामीरच्या शेजारचा डोंगर दीड हजार वर्षांपासून बसलेला आहे. ज्यांना आज ‘दुर्गम’ म्हटले जाते अशा दोन प्रदेशांमध्ये तेव्हा व्यापाराची अखंड साखळी होती.

७/
दुसरा दुवा माणसांचा. अकबराचा पालक बैरामखान हा बदख्शानात जन्मला. त्याचा पुत्र अब्दुर्रहीम खानखानान याने बाबराच्या आत्मचरित्राचा तुर्कीतून फारसीत अनुवाद करून तो १५८९ च्या सुमारास अकबराला सादर केला. अंदिजान, ओश अशा फरगाण्यातील शहरांची वर्णने त्या ग्रंथात आहेत. पुढे याच रहीमने आयुष्याचा फार मोठा काळ दख्खनच्या मोहिमांत बऱ्हाणपूर येथे काढला. मध्य आशियातील डोंगरी शहरांचे वर्णन फारसी जगापुढे ठेवणारा माणूस तापीकाठी राहत होता, ही गोष्ट खानदेशातील मुलांना कोणी सांगत नाही.

८/
तिसरा दुवा विद्येचा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या डोंगरात, शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची त्यात नोंद आहे. याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये केले. हाच फैजी १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजा अलीखान फारुकीकडे पाठवला गेला. साम्राज्याचा राजकवी वकिलीसाठी जेथे पाठवावा लागतो, ते ठिकाण जगाच्या पाठीमागे कसे असेल?

९/
मग ‘ओसाड, मातीचा, राहण्यास अयोग्य’ ही खानदेशाची प्रतिमा आली कोठून? तिचा एक मोठा वाटा सर टॉमस रो याच्याकडे जातो. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा हा वकील ३० ऑक्टोबर १६१५ रोजी सुरतेहून निघाला आणि १४ नोव्हेंबरला बऱ्हाणपुरास पोहोचला. त्याच्या रोजनिशीत सुरत ते बऱ्हाणपूर हा सगळा प्रदेश दरिद्री आणि नापीक ठरला. गावे मातीची, माणसाला विसावायला एक धड घर नाही, असा त्याचा निर्वाळा. बऱ्हाणपुरातही शाहजादा, खानखानान आणि मोजक्या इतरांचे वाडे सोडले, तर त्याला मातीच्या झोपड्याच दिसल्या.

१०/
या वाक्यांना शेजारी ठेवून तपासण्यासाठी दूर जावे लागत नाही. रोच्या पाच वर्षे आधी, १६१० मध्ये, विल्यम फिंच हा दुसरा इंग्रज याच वाटेने गेला. फिंचही कौतुकात कंजूष. वाटेवर चोरांचे भय आणि गावांची घाण त्याला जागोजागी दिसते. तरीही थाळनेरचा किल्ला आणि पावसाळ्यात नावेवाचून ओलांडता न येणारी तापी त्याने टिपली. चोपडा आणि रावेर यांना तर त्याने मोठी गावे म्हटले. पाच वर्षांत चोपडा आणि रावेर अदृश्य झाले नव्हते. एका प्रवाशाने ते पाहिले, दुसऱ्याने पाहिले नाही, इतकेच.

११/
रोच्या डोळ्यांना काय झाले होते, तेही त्याची रोजनिशीच सांगते. तो आजारी होता, बऱ्हाणपुरात ज्वराने पडला होता, आणि सराईत मिळालेल्या कोंदट खोल्यांनी चिडला होता. इंग्लंडच्या राजाचा प्रतिनिधी म्हणून मिळायला हवा तसा मान मिळत नाही, हे त्याचे मोठे दुखणे होते. शाहजादा परवेझपुढे त्याने जमिनीपर्यंत झुकण्यास नकार दिला. त्याने नजराण्यात दिलेल्या मद्याच्या पेटीने शाहजाद्याची शुद्ध हरपली आणि दुसरी भेट होऊच शकली नाही, असेही तोच लिहितो. ज्वर, मानापमान आणि फसलेली भेट यांतून उतरलेले वर्णन एका प्रांताचे चारित्र्य म्हणून चारशे वर्षे वाचले जाते, हा इतिहासलेखनाचा दोष आहे. त्यासाठी एकट्या रोला दोषी धरता येत नाही.

१२/
आता रोची कृती पाहावी. ज्या शहरात मातीखेरीज काही नाही असे त्याने लिहिले, त्याच शहरात इंग्रजांना वखार घालण्याची परवानगी त्याने शाहजाद्याकडे मागितली आणि मिळवली. व्यापारी कंपनीच्या खर्चाने आलेला वकील ओसाड गावात वखार मागत नसतो. प्रवाशाचे शब्द आणि त्याची मागणी यांत विसंगती दिसली, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने मागणीवर अधिक विश्वास ठेवावा. शब्द मनःस्थितीतून येतात. मागणी हिशेबातून येते.

१३/
रोला जे दिसले नाही, ते त्याच्या पायाखाली होते. १६१५ च्या सुमारासच खानखानान रहीमच्या काळात बऱ्हाणपुरात कुंडी भंडारा ही जलव्यवस्था उभी राहिली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले गेले. बोगद्यावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या आहेत. त्यांची संख्या शंभराच्या वर आहे. इराण आणि मध्य आशियातील कनात किंवा कारेझ याच तत्त्वावर चालतात. घरे मातीची होती हे खरे. पण त्या मातीच्या घरांच्या शहराकडे भुयारी पाणीपुरवठा होता, आणि तो पुरवठा चारशे वर्षांनंतरही पाणी देतो आहे.

१४/
ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याचेही तसेच. सतराव्या शतकाच्या मध्यास तो आला तेव्हा बऱ्हाणपूर बरेचसे मोडकळीस आलेले त्याला दिसले. त्याच दमात तो सांगतो, की येथील तलम, पारदर्शक मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. मोडकळीचे कारणही उघड आहे : १६३० ते १६३२ या काळात गुजरात, खानदेश आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला होता. दुष्काळानंतरचे शहर पाहून ‘हे शहर असेच’ म्हणणे, म्हणजे आजारातून उठलेल्या माणसाचे छायाचित्र घेऊन तो जन्मजात दुर्बळ असल्याचे जाहीर करणे.

१५/
मराठ्यांच्या इतिहासाचे तरुण वाचक बऱ्हाणपूर ओळखतात, पण एकाच संदर्भाने. १६८१ च्या आरंभी, संभाजी महाराजांच्या कारकिर्दीच्या प्रारंभी, हंबीरराव मोहिते यांच्या फौजेने शहराचा बहादूरपुरा लुटला. त्याआधी १६७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातील धरणगावच्या इंग्रज वखारीवरही मराठ्यांची धाड पडली होती. या घटना शौर्यकथा म्हणून सांगितल्या जातात आणि तेथेच थांबतात. पुढचा साधा प्रश्न विचारला जात नाही : फौजा शेकडो मैल दौड करून गेल्या, त्या कशासाठी? तेथे पैसा होता म्हणून. मराठी फौजेला खानदेशाची किंमत नेमकी ठाऊक होती. मराठी पाठ्यपुस्तक ती विसरले.

१६/
त्यानंतर १८१८ मध्ये थाळनेरला आलेला पाहुणा लेखणीऐवजी तोफा घेऊन आला. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने होळकरांचे खानदेशातील ठाणे इंग्रजांकडे गेले होते. सर टॉमस हिस्लॉप याची फौज २७ फेब्रुवारीला थाळनेरच्या किल्ल्यापुढे उभी राहिली. किल्लेदार तुळशीराम मामा याने किल्ला देण्यास नकार दिला. तोफा चालल्या, मग बोलणी सुरू झाली. आतल्या दरवाजाशी इंग्रज अधिकारी आणि अरब शिबंदी समोरासमोर आले, गोंधळ उडाला आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर हे दोन अधिकारी मारले गेले. त्यानंतर किल्ल्यातील सुमारे तीनशे जणांच्या शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी देण्यात आले.

१७/
या फाशीचे पडसाद लंडनमध्ये उमटले. १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत भारतातील सैन्याच्या आभाराचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराला कोणत्या न्यायाने फासावर चढवले, हा प्रश्न उपस्थित झाला आणि हिस्लॉपच्या गौरवाला त्याची बाधा आली. दोनशे वर्षांपूर्वी ज्या गावाचे नाव वेस्टमिन्स्टरमध्ये उच्चारले गेले, ते नाव आज धुळ्याच्या शाळेतील मुलाला ठाऊक नसेल, तर दोष गावाच्या अंतराला देता येणार नाही. लंडनहून थाळनेर जितके लांब होते, त्याहून धुळ्याहून ते निश्चितच जवळ आहे.

१८/
इंग्रज अंमलाच्या आरंभीच्या नोंदींत खानदेश ओस गावांचा, वाढलेल्या रानाचा आणि लुटारूंचा मुलूख म्हणून येतो. नोंद खोटी नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. १८०२ पासून होळकर-शिंद्यांच्या झगड्यात फौजांनी हा मुलूख तुडवला होता. पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. वाटा आणि घाट राखण्याच्या मोबदल्यात ज्या भिल्ल नाइकांना गावांकडून हक्क मिळत, त्यांचे हक्क या काळात बुडाले आणि राखणदार ‘लुटारू’ झाले. ताव्हेर्नियेचीच चूक पुन्हा झाली, फक्त या वेळी ती सरकारी कागदावर झाली, आणि सरकारी कागद रोजनिशीहून अधिक काळ टिकतो.

१९/
इतके होऊनही थाळनेर वाटेवरच होते. ते वाटेवरून काढले गेले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या पहिल्या कलेक्टराने कारभाराचे ठाणे धुळ्यास नेले आणि ते गाव वाढले. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे आली. भुसावळ आणि जळगाव कापसाच्या व्यापाराने फुलले. १९०० पर्यंत सुरत आणि भुसावळ यांना जोडणारी तापी खोऱ्यातील रेल्वे पूर्ण झाली. ही रेल्वे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी तापीच्या दक्षिणेने गेली. नदीच्या उत्तरेकडील थाळनेर आणि चोपडा रुळांपासून वंचित राहिले. नदी हलली नाही, डोंगर हलला नाही. एक रेषा दुसऱ्या तीरावर आखली गेली आणि शतकानुशतकांचा हमरस्ता ‘आतला भाग’ झाला.

२०/
दुसरी रेषा सीमेची. १८१८ नंतर थाळनेर मुंबई इलाख्यात आले. बऱ्हाणपूर शिंद्यांकडे राहिले आणि पुढे मध्य प्रांतात गेले. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. प्रशासनाच्या सोयीसाठी हे योग्य असेलही. इतिहासाच्या दृष्टीने परिणाम असा, की एका राज्याची पहिली राजधानी महाराष्ट्रात आणि दुसरी मध्य प्रदेशात. महाराष्ट्र बऱ्हाणपूर शिकवत नाही, कारण ते बाहेरचे. मध्य प्रदेश थाळनेर शिकवत नाही, कारण तेही बाहेरचे. फारुकी घराणे दोन राज्यांच्या मधल्या फटीत पडले आहे.

२१/
येथे खोरोगकडे पुन्हा पाहावे. पंज नदी ही शुघ्नी भाषा बोलणाऱ्या लोकांची घरची नदी. दोन्ही तीरांवर तेच लोक, तीच भाषा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशिया आणि ब्रिटन यांनी आपापल्या साम्राज्यांची टोके ठरवताना तिची सीमा केली. खोरोग शहर म्हणून वाढले तेच रशियाच्या सरहद्दीवरील ठाण्याभोवती. ज्या खोऱ्यातून लाजवर्द आणि माणके जगभर गेली, ते खोरे दोन साम्राज्यांच्या हिशेबात टोक ठरले. तेथे जाणाऱ्या प्रवाशाने घाटाची उंची मोजण्याआधी ही रेषा पाहावी.

२२/
यावर एक रास्त आक्षेप येईल : मग डोंगर, दऱ्या, पूर हे सगळे खोटे काय? नाही. तोरणमाळ आणि अक्राणीच्या डोंगरांत चढ खरा आहे, पावसाळ्यातील ओढे खरे आहेत. सातपुड्यातील पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून आणावे लागते, हेही खरे आहे. पण सरकारी कागदावर वाक्य कसे लिहिले जाते ते वाचावे : ‘अतिदुर्गम भाग असल्याने सुविधा पोहोचल्या नाहीत.’ कार्य आणि कारण यांची येथे अदलाबदल झालेली आहे. सुविधा पोहोचवल्या नाहीत, म्हणून भाग अतिदुर्गम राहिला. चौदाव्या शतकात जहागीर देणाऱ्यांना, सतराव्या शतकात भुयारातून पाणी आणणाऱ्यांना आणि एकोणिसाव्या शतकात तोफा ओढत नेणाऱ्यांना हा डोंगर आडवा आला नाही.

२३/
केंद्र आणि कोपरा हे निर्णयाने ठरतात, याचे उलट उदाहरणही खानदेशातच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. ग्रामीण भागात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्या दिवसांत देशाचे राजकारण सातपुड्याच्या पायथ्याशी चालले. फैजपूर त्याआधी जेथे होते, तेथेच त्या दिवशीही होते. बदलले ते एवढेच, की कोणीतरी तेथे जाण्याचे ठरवले.

२४/
प्रवासवर्णन वाचताना, मग ते चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाचे असो वा कालच्या चित्रफितीतले, तरुण अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. प्रवाशाचा खर्च कोणी केला? तो आला ते वर्ष कोणत्या दुष्काळाच्या, युद्धाच्या वा साथीच्या मागोमागचे होते? आणि तेथून त्याने काय मागितले, काय नेले? रो, ताव्हेर्निये आणि हिस्लॉप या तिघांना हे प्रश्न लावले, की खानदेशाचे निराळे चित्र समोर येते.

२५/
आणि थाळनेरला जावे. धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, तेथून थोड्याच अंतरावर तापीकाठी गाव आहे. किल्ल्याचा बराच भाग ढासळला आहे. जे उरले ते नदीकडून पाहावे. फारुकींच्या कबरी पाहाव्यात, त्यांतली अष्टकोनी कबर आणि तिच्यावरचे कोरीवकाम सावकाश पाहावे. रस्ता किती खराब होता, हे परत येऊन सांगण्याची गरज नाही. तुळशीराम मामाचे नाव गावात कोणाच्या तोंडी आहे का, नदीचा जुना उतार कोठे होता, कोणत्या वाड्याच्या भिंतीत किल्ल्याचे दगड आहेत, हे विचारावे आणि लिहून ठेवावे. खोरोगलाही अवश्य जावे; तेथेही हेच विचारावे.

२६/
जळगाव आणि धुळ्याच्या शाळा-महाविद्यालयांतील इतिहास विभागांकडे एकच मागणी आहे. फारुकी खानदेश हा विषय थाळनेरपासून बऱ्हाणपूरपर्यंत, राज्यसीमा ओलांडून, एकसंध शिकवावा. वर्षातून एक सहल लेण्यांच्या ऐवजी तापीच्या उत्तर तीराने काढावी. ही मागणी मोठी नाही. अंतर शे-दीडशे किलोमीटरांचे आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी बैलगाड्यांचे तांडे ते बिनतक्रार तोडत होते.

थ्रेड समाप्त.